गोडी मिळेल, पाक मिळणार नाही

दिवाळी तोंडावर आली की ‘शुगर फ्री’ बेसन लाडवांच्या कृती हातोहात फिरू लागतात. बेसन तुपात खमंग भाजायचं आणि पिठीसाखरेऐवजी एरिथ्रिटॉल घालून लाडू वळायचे. लाडू चांगले होतातही. पण कमी कर्बोदकांचा आहार पाळणाऱ्याने निर्धास्त खावेत असे ते नसतात. 100 ग्रॅम बेसनात साधारण 58 ग्रॅम कर्बोदकं असतात, रव्यात 70च्या वर. साखर काढल्याने भार हलका होतो, पिठातला स्टार्च मात्र जागच्या जागी राहतो आणि पचल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं. साखर टाळून गूळ घालणाऱ्यांनी तर स्वतःची समजूत घालू नये. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं, म्हणजे साखरच. म्हणून पर्यायी साखरेचा डबा उघडण्याआधी पदार्थ कशाचा आहे ते बघावं, आणि त्यात साखर नेमकं काय काम करते तेही.

आपल्या फराळात साखर फक्त गोड करत नाही. 100 ग्रॅम पाण्यात नेहमीच्या तापमानाला सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते. आटवलेला पाक चिकट होतो, त्याची तार निघते, रव्याच्या लाडवाला तो बांधून ठेवतो, तो याच बळावर. एरिथ्रिटॉल तेवढ्याच पाण्यात जेमतेम 60 ग्रॅम विरघळतं. गरम असताना पाक झाल्यासारखा वाटतो, निवला की तळाशी खडे जमतात. गुलाबजाम अशा पाकात सोडले तर दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकच लागते. शिवाय ते साखरेसारखं करपून तांबूस होत नाही, त्यामुळे शंकरपाळ्यांना रंग चढत नाही. पाकातले लाडू, चिरोटे, अनारसे या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पर्याय तरी कोणते? एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या सुमारे 70 टक्के, उष्मांक नगण्य, रक्तातली साखर ते वाढवत नाही; पण जिभेला गारवा जाणवतो. स्टीव्हिया हे मूळचं पराग्वेकडचं झुडूप. तिथले ग्वारानी लोक त्याची पानं पूर्वापार वापरत आले. त्याच्या पानांतला अर्क साखरेच्या 200 ते 300 पट गोड, मागून किंचित कडवट. सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड, आणि त्याच्या शोधात एक फडणीस आहेत. 1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक साखरेवर क्लोरिनची प्रक्रिया करून बनवलेल्या संयुगांवर काम करत होते. वरिष्ठांनी संयुग तपासायला सांगितलं, त्यांनी ‘चाखून बघ’ असं ऐकलं आणि खरंच चाखलं! अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने मोडतं आणि गोडी घालवून बसतं, म्हणून शिजवण्यात त्याचा उपयोग नाही.

एरिथ्रिटॉल आणि स्टीव्हिया एकत्र वापरले तर दोघांचेही दोष झाकले जातात. वेलदोडा, जायफळ, केशर यांनी उरलेला कडवटपणाही लपतो. आपल्या गोडाला हे मसाले आधीपासूनच लागतात, हे आपलं भाग्य.

या आहाराला खरं साजेसं आपलं पक्वान्न म्हणजे श्रीखंड. दही टांगलं की निवळीबरोबर त्यातलं बरंचसं लॅक्टोज गळून जातं. चक्क्यात प्रथिनं आणि स्निग्धांश उरतात. बासुंदीत नेमकं उलट घडतं. 1 लिटर दुधातलं सुमारे 48 ग्रॅम लॅक्टोज आटवल्यावरही तेवढंच राहतं, वाटी मात्र लहान होते. श्रीखंडासाठी दही ताजं घ्यावं, कारण आंबट चक्क्याला पर्यायी साखर पुरी पडत नाही. अर्धा किलो चक्क्याला 75 ग्रॅम एरिथ्रिटॉल मिक्सरमधून अगदी बारीक करून घालावं आणि बाकीची गोडी स्टीव्हियाच्या थेंबांनी, चाखत चाखत आणावी. जास्त एरिथ्रिटॉल घातलं तर फ्रिजमध्ये रवाळ होतं. नेहमीच्या श्रीखंडात साखर चक्क्यातलं पाणी ओढून त्याला सैल आणि तकतकीत करते. इथे ते काम चार चमचे घोटलेल्या सायीवर सोपवावं.

ओल्या नारळाची वडीही जमते. 100 ग्रॅम खोबऱ्यात सुमारे 15 ग्रॅम कर्बोदकं, त्यातले 9 ग्रॅम तंतू. इथे पाकाच्या भरवशावर राहू नये. खोबरं, बदामाची पूड आणि तूप एकत्र परतून, मिश्रण कढईची कड सोडू लागलं की गोडी मिसळावी, थापून फ्रिजमध्ये ठेवावं. वडी तुपाने धरते. साखरेचं टिकवण्याचं काम इथे कोणीच करत नाही, म्हणून तीन-चार दिवसांत संपवावी.

विकतच्या डब्याची मागची बाजू वाचल्याशिवाय तो घेऊ नका. साखरेइतकीच चमच्याने मोजायची म्हणून मिळणाऱ्या सुक्रालोजच्या पावडरीत बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेलं असतं, आणि ते कर्बोदकच. ‘शुगर फ्री’ मिठाईत माल्टिटॉल असेल तर रक्तातली साखर थोडी वाढते, आणि जास्त खाल्ल्यास पोट बिघडतं. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल आणूच नये. कुत्र्यांना ते विषारी आहे.

2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेतर गोडी वापरू नये, असा सल्ला दिला. तो आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, आणि एरिथ्रिटॉलसारखे पदार्थही त्यात धरले नव्हते. पण त्याच वर्षी रक्तातलं एरिथ्रिटॉलचं जास्त प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरीही सणाला वाटीभर श्रीखंड वेगळं आणि रोज चहापासून मुखवासापर्यंत एरिथ्रिटॉल घालणं वेगळं.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी कर्बोदकं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारून मात्रा बदलून घ्यावी. घरातल्या सगळ्यांना एवढं जरूर सांगून ठेवा: अशा माणसाला घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर ही शुगर फ्री वडी उपयोगाची नाही. तो शुद्धीवर असेल तर तीन-चार छोटे चमचे खरी साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या.