मायक्रोफोन आणि सुईएवढा आवाज

तेलंगणाच्या सीमेवरचं, मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जाणारं धर्माबाद. इथल्या मराठीत तेलुगूचा हेल मिसळतो. घरातल्या आजीची ओवी याच बोलीत टिपून ठेवावी, असं मला फार वाटतं. पंख्याचा, रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज दूर ठेवायचा तर तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक मायक्रोफोन बरा. अडचण एकच, त्याचा विद्युत संकेत फार क्षीण असतो. शुअर एसएम७बी हा असाच मायक्रोफोन तर नेहमीच्या आवाजाला जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट देतो. त्याला सुमारे ६० डेसिबल वाढ लागते. मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या स्वस्त ऑडिओ इंटरफेसची आवाज वाढवायची कळ शेवटपर्यंत फिरवली, की ओवीसोबत 'सूं' असा खरखराट वाढतो.

यावर उपाय म्हणजे क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेडसारखी छोटी डबी. ती मायक्रोफोन आणि इंटरफेसच्या मध्ये, एक्सएलआर वायरवरच बसते. बॅटरी लागत नाही. इंटरफेसमधून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर ती चालते. संकेत सुमारे २५ डेसिबल, म्हणजे जवळपास १८ पट वाढतो आणि इंटरफेसला कमी राबावं लागतं. फँटमची वीज डबीतच अडते, पुढे मायक्रोफोनपर्यंत जात नाही. म्हणून नाजूक रिबन मायक्रोफोनही सुरक्षित राहतो; पण त्याच विजेवर चालणारा कंडेन्सर मायक्रोफोन या डबीमागे मुकाच राहील.

खोलीतला गोंगाट मात्र डबी कमी करत नाही. इंटरफेस मुळातच शांत असेल तर ती घेऊ नका. आधी पंखा बंद करा, मायक्रोफोन चार बोटांवर आणा आणि एक ओवी टिपून ऐका.