पडदा काळा का होतो?

ज्याला आपण सारे लॅपटॉप म्हणतो ते यंत्र चालता चालता काळेठिक्कर पडले, की घरात पहिला उद्गार निघतो तो ‘गेला!’ असा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा आम्ही आमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसविले. थोड्याच दिवसांत वाचता वाचता पडदा मावळू लागला. दुरुस्ती करणाऱ्याने पडदाच बदलावा असे सांगितले, आणि खर्चाचा आकडा ऐकून आम्ही यंत्र मोडीत काढण्याच्या विचारास लागलो. वस्तुतः पडदा धडधाकट होता. त्याला मावळण्याची आज्ञा मिळत होती आणि तो ती इमानाने पाळत होता. आज्ञा कोणाची, एवढाच काय तो प्रश्न.

अशा आज्ञेची मुळी गरज का पडली? जुन्या काचनळीच्या पडद्यावर एकच चित्र फार काळ राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटे. म्हणून काही मिनिटे कोणी कळ दाबली नाही तर पडदा झाकावा, अशी रीत पडली. पुढे १९९३ मध्ये पडद्याला वीज वाचविण्याची खूण देणारा डीपीएमएस हा संकेत ठरला, आणि १९९६ मध्ये साऱ्या यंत्राच्या झोपेजागेचे नियम सांगणारा एसीपीआय आला. काचनळी गेली, पण डागाची जागा बॅटरीच्या चिंतेने घेतली आणि रीत तशीच राहिली.

तेव्हा काळोख दिसताच प्रथम त्याची जात ओळखावी. कळ दाबताच चित्र परत आले, तर पडदा केवळ झाकला गेला होता. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर विजेरी तिरपी धरली असता पुसट अक्षरे दिसली, तर चित्र आहे पण मागचा दिवा बंद आहे. उजेड शून्यावर गेला असेल, नाहीतर दिवाच बिघडला असेल. कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा बदलतो का, हेही पाहावे. बदलला तर आत यंत्र जागे आहे. बटण दाबूनही काहीच हालचाल नसेल, तर ते झोपेतून उठताना अडकले असावे.

आता आज्ञा देणाऱ्यांकडे वळू. एका घरात तीन वडीलधारी माणसे असावीत आणि दिवा मालवण्याची प्रत्येकाची वेळ निराळी असावी, तसा हा संसार आहे. जीनोम हा डेस्कटॉप मूळ मांडणीत ५ मिनिटांनी पडदा मालवतो. चित्रे रेखाटणारा एक्स सर्व्हर स्वतःच्या हिशेबाने १० मिनिटांनी मालवतो. निव्वळ अक्षरांच्या कन्सोलवर खुद्द कर्नेलही १० मिनिटांनी काळोख करीत असे. २०१७ च्या ४.१२ या आवृत्तीपासून ती सवय मूळ मांडणीतून गेली. झाकण मिटले की यंत्र निजवणारा लॉगिनडी नावाचा पहारेकरी आणखी वेगळाच.

आमचे यंत्र जुने, म्हणून आम्ही हलका डेस्कटॉप घेतला होता. त्याच्या मांडणीत ‘कधीही मालवू नये’ असे सांगूनही पडदा जाईच. शेवटी घड्याळ लावून बसलो. बरोबर १० मिनिटे! तेथेच चोर सापडला. ‘एक्ससेट’ या आज्ञेला ‘क्यू’ हे अक्षर जोडून विचारले, तेव्हा उत्तरात ६०० सेकंदांचा आकडा उभा होता. झाकणे आणि डीपीएमएस या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने दोन्ही बंद कराव्या लागतात. आणि पुढच्या वेळी त्या विसरल्या जातात, म्हणून ती आज्ञा आरंभीच्या यादीत घालावी लागते. ज्यांच्याकडे एक्सऐवजी वेलँड आहे, त्यांनी मात्र डेस्कटॉपच्या मांडणीतच उत्तर शोधावे.

यंत्र झोपून उठतच नसेल तर रोजनिशी वाचावी. ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा मागच्या खेपेची नोंदही दाखवते. झोपेत शिरल्याची ओळ आहे आणि बाहेर आल्याची नाही, असे दिसले तर संशय चित्रफलकाच्या ड्रायव्हरवर किंवा फर्मवेअरवर घ्यावा. झोपही दोन प्रकारची असते, उथळ आणि गाढ. यंत्राला दोन्ही येत असतील तर एक सोडून दुसरी वापरून पाहावी. मात्र एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही.

कोणी म्हणेल, सारीच झोप बंद करून टाकू. तसे करू नये. झाकण मिटून पिशवीत ठेवलेले जागे यंत्र तापते आणि बॅटरी रिकामी करते. व्याख्यानाच्या तासापुरती झोप रोखायची सोय लिनक्समध्ये आहे. ‘सिस्टमडी-इनहिबिट’ ही आज्ञा तेच काम करते आणि काम संपताच बंधन सोडते.

मुक्त प्रणाली बिघडत नाही असे आम्ही म्हणणार नाही. तिचे कारण मात्र कुलपात ठेवलेले नसते. विचारणाऱ्याला ते सापडते. म्हणून यंत्र मोडीत घालण्यापूर्वी आपण एकदा तरी त्याला विचारावे, बाबा रे, तुला झोपायला सांगितले कोणी? आमचा तो लॅपटॉप आजही चालू आहे, आणि हे टिपण त्याच्यावरच लिहिले आहे.