शेजारी बसून मोजणारी

(लेखमाला : दारापर्यंतचं आरोग्य)

आशांच्या मोबदल्याच्या तक्त्याचा हिशेब आज उलगडायचा होता. तो आठवडाभर पुढे ढकलतोय, कारण मध्येच साताऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं. नवजात बाळाच्या गृहभेटींबद्दल वाचून ते विचारतात, आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, खरोखर बाळाच्या घरी जाते की स्वतःच्या घरी बसून फॉर्म भरते, यावर लक्ष कोण ठेवतं? गुरुजींना तपासणीच आधी सुचणार, त्यात नवल नाही. उत्तर एका शब्दाचं आहे : गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख ठेवणारी. पण या बाईला एका शब्दात आटोपणं मला जमायचं नाही. साऱ्या आशा योजनेत तिच्याइतकं दुर्लक्ष दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नसेल.

महाराष्ट्रात आशा सुमारे ७० हजार आणि गटप्रवर्तक साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे एकेकीकडे साधारण वीस आशा, आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतलं प्रमाणही तेवढंच. ऊसपट्ट्यातल्या मोठ्या गावांत हे वीसजणींचं वर्तुळ दोन-चार गावांत संपतं. अक्कलकुवा-धडगावकडे वीस आशा म्हणजे वीस पाडे, मध्ये डोंगर आणि पावसाळ्यात ओढे. महिन्याला साधारण वीस दिवस क्षेत्रभेटीचे. बाई पदवीधर, गाडी बहुधा तिची स्वतःची, आणि पेट्रोलही तिच्याच पैशातून.

आता गुरुजींचा प्रश्न. फॉर्म खरा की खोटा हे गटप्रवर्तक तपासतेच. दोन घरी जाऊन बाळंतिणीला विचारलं की कळतं. पण माझ्या मते हे तिच्या कामातलं सगळ्यात हलकं काम. जड काम कोणतं, ते बाळाच्या श्वासावरून सांगतो.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. वजन घ्यायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचा. मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. वाचायला सोपं आहे. पण कधी मोजून पाहा. नवजात बाळ एका लयीत श्वास घेतच नाही. आठ-दहा भराभर घेतं, मध्येच थांबतं, आपल्या पोटात गोळा येईपर्यंत थांबतं, मग पुन्हा सुरू. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही, पुरतं एक मिनिट मोजावं लागतं. बाळ रडत असेल किंवा पीत असेल तर मोजण्यात अर्थ नाही. दुपटं बाजूला करून पोट दिसलं पाहिजे, आणि आजी ‘बाळाला गारठा बसेल’ म्हणून ते पुन्हा ओढून घेते. आकडा साठ किंवा त्याहून जास्त आला तर थोडं थांबून पुन्हा मोजायचं; दुसऱ्यांदाही तसाच आला तरच ‘जलद श्वास’.

हे वर्गात शिकवता येतं, पण येतं मात्र वर्गात नाही. प्रशिक्षणात बाहुली असते, आणि बाहुली श्वास घेत नाही. हात बसतो तो एकाच पद्धतीने : दोघी एका बाळाशेजारी बसतात, दोघी मनातल्या मनात मोजतात, मिनिट झालं की आपापला आकडा कागदावर लिहितात आणि मग एकमेकींचा बघतात. आशाचा ४८, गटप्रवर्तकचा ५६. का? मग कळतं, की छातीची प्रत्येक हालचाल धरायची की पोटाची, यातच गोंधळ होता. चौथ्या-पाचव्या बाळापर्यंत आकडे जुळू लागतात. फॉर्मवर मागून सही करणाऱ्या कुठल्याही साहेबाला हा फरक कधीच दिसणार नाही, कारण फॉर्मवर ४८ हा आकडा अगदी नीटनेटका दिसतो.

जरा वाट सोडतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत न्यूमोनियावर काम सुरू केलं तेव्हा फार पुढपर्यंत अंक न मोजता येणाऱ्या दाईंनी श्वास कसे मोजायचे, हा प्रश्न होता. त्यावर निघालेलं साधन मला आजही मोहात पाडतं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी पाच हिरवे आणि एक लाल मणी. त्याहून मोठ्यासाठी चार हिरवे आणि एक लाल. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर औषध सुरू करायचं. साठ ही संख्या दाईला माहीत असण्याची गरजच उरली नाही! आरोग्यखात्यात आलेली बरीच ॲप्स मी पाहिली आहेत; या मण्यांइतका विचार त्यांतल्या एकातही दिसला नाही.

पण गडचिरोलीची गोष्ट सांगणारे मण्यांवर आणि आरोग्यदूतांवर थांबतात. ३९ गावांत आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या आणि तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि जगभर गाजलं. त्यातला गाजायचा राहिलेला भाग असा, की दर पंधरवड्याला गावात तपासणारा माणूस येई, नोंदी पाहून चुका तिथल्या तिथे दुरुस्त करून देई. जामखेडलाही तेच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभ्या केलेल्या कामात कित्येक निरक्षर बायका गावच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, कारण त्यांचं शिक्षण एकदा उरकून टाकलं नव्हतं. त्या पुन्हा पुन्हा जामखेडला येत राहिल्या, गावात अडलेलं तिथे मांडत राहिल्या.

याच्या उलट सरकारी उदाहरण १९७७चं. जनता सरकारने २ ऑक्टोबरला मोठ्या थाटात गावोगाव आरोग्यरक्षक नेमायची योजना काढली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन, ५० रुपयांची औषधं. निवडले गेले बहुतेक पुरुष. प्रशिक्षण संपलं आणि त्यांच्या शेजारी बसायला कुणी उरलं नाही. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या (पीएचसी) कर्मचाऱ्यांनी त्यांना सांभाळायचं, त्यांच्या डोक्यावर आधीच उद्दिष्टांचं ओझं होतं. योजनेचं पुढे नाव बदललं, कामाला जोर काही आला नाही. ती फसण्याची कारणं पुष्कळ सांगतात, मी हे एक वर ठेवतो.

मग आजची गटप्रवर्तक बाळाशेजारी बसते का? बसणाऱ्या मी पाहिल्या आहेत. पण तिचा दिवस सुरू होतो तो व्हॉट्सॲपवर. दहा वाजेपर्यंत कालच्या सर्वेक्षणाचा आकडा, बारापर्यंत कुणा वरिष्ठाला अचानक हवी झालेली लाइन लिस्ट (नावनिहाय यादी), दुपारी पीएचसीत आढावा बैठक. वीस आशांचे वीस कागद एका कागदावर उतरवून वर पाठवणं हेच काम होऊन बसतं. पैशाची रचनाही तशीच. २०१८च्या वाढीत केंद्राने तिला दर भेटीमागे २५० ऐवजी ३०० रुपये केले. म्हणजे मोजली जाते ती भेट. गावात पाच मिनिटं थांबून सही घेतली काय आणि दोन तास एका बाळंतिणीच्या खोलीत काढले काय, रक्कम एकच. गटप्रवर्तकांची जुनी तक्रार आहे की हे मानधन नव्हे, प्रवासभत्ता आहे, आणि त्यातला मोठा वाटा गाडीच पिते. २०२३-२४च्या संपानंतर मार्च २०२४मध्ये राज्याने आशांना दरमहा ५ हजारांची वाढ दिली. गटप्रवर्तकांची ४ हजारांची वाढ ऑगस्टपर्यंत रेंगाळली. संप दोघींचा होता, आझाद मैदानावर दोघी शेजारी बसल्या होत्या.

तेव्हा गुरुजी, लक्ष ठेवणारी आहे. तुम्ही गावच्या आरोग्य समितीत असाल तर पुढच्या बैठकीत गटप्रवर्तकला बोलवा. किती भेटी झाल्या हे विचारू नका, तो आकडा तिला तोंडपाठ असतो. मागच्या महिन्यात आशाबरोबर कोणकोणत्या घरात बसलात, तिथे तिला काय जमत नव्हतं आणि आता जमतं का, एवढं विचारा. आणि बाळाचं वजन करायचा काटा चालतोय का, तेही विचारा, कारण तो बंद असेल तर त्याची दुरुस्ती कुठल्या निधीतून करायची हे तुमच्या समितीलाच ठरवता येईल.