यंत्र कोणाच्या हाती?

कर्कश आवाजाला संगीत म्हणावे काय, असा प्रश्न ‘हेवी मेटल’ या प्रकाराविषयी नेहमी विचारला जातो. परंतु कोणत्याही आवाजामागे एक समाज व त्याचा उत्पादनव्यवहार उभा असतो. बर्मिंगहॅमचा वादक, गायक आणि ध्वनिमुद्रण-निर्माता जस्टिन ब्रॉडरिक हे याचे ठळक उदाहरण होय.

बर्मिंगहॅम हे धातुकामाचे शहर. ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक टोनी आयोमी याने येथल्याच पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोके गमावली. पुढे दुखऱ्या बोटांसाठी त्याने तारा सैल केल्या आणि हेवी मेटलचा खर्जातला जड नाद घडत गेला. ब्रॉडरिकचा जन्म १९६९ चा. तो वाढला तो कारखाने भरभराटीत असताना नव्हे, तर बंद पडत असताना. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली आणि मोटारउद्योगावर विसंबलेल्या या पट्ट्याला तिची तीव्र झळ लागली. ‘नेपाम डेथ’ वृंदाच्या ‘स्कम’ (१९८७) या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या बाजूवर गिटार वाजविणारा ब्रॉडरिक तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा होता.

१९८८ साली त्याने बेन ग्रीन याच्यासह ‘गॉडफ्लेश’ची स्थापना केली. त्यात ड्रमवादकाच्या जागी यंत्र आले. अर्थशास्त्राच्या भाषेत हे श्रमाचे यंत्राकडून झालेले प्रतिस्थापन. पण ब्रॉडरिक स्वतः उत्तम ड्रम वाजवीत असे. म्हणजे यंत्र ही केवळ नाइलाजाची सोय नव्हती. ‘स्ट्रीटक्लीनर’ (१९८९) ऐकताना तिचे मर्म कळते. यंत्राचा ठोका थकत नाही, चुकत नाही, कोणाची गय करीत नाही. त्याच्यापुढे माणसाचा आवाज मात्र फाटत जातो. कारखान्यातील मजुराचा अनुभव याहून वेगळा तो कोणता?

अशा संगीतातून माणूसच हद्दपार होईल, असा आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर ब्रॉडरिकच्या पुढील वाटचालीत सापडते. त्याने १९९६ व २००१ च्या ध्वनिमुद्रिकांत जिवंत ड्रमवादक घेऊन पाहिले. २००२ मध्ये वृंद मोडला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला, तो यंत्रासह. मध्यंतरी, १९९४ साली, अमेरिकेतील बलाढ्य ‘कोलंबिया’ कंपनीशी आलेला संबंधही टिकला नव्हता. ‘अ वर्ल्ड लिट ओन्ली बाय फायर’ (२०१४) व ‘पर्ज’ (२०२३) या ध्वनिमुद्रिका त्याच्या स्वतःच्या ‘अ‍ॅव्हलांच’ संस्थेने प्रकाशित केल्या.

उत्पादनसाधनांची मालकी हाती आली म्हणजे बाजारपेठही हाती येते असे नव्हे. असल्या संगीताचा श्रोतृवर्ग मर्यादितच राहणार. परंतु काय निर्माण करावे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र निर्मात्याकडे येतो. आज यंत्रेच गाणी रचू लागली असताना यंत्र वाईट की चांगले, हा वाद निरर्थक आहे. ते कोणाच्या आज्ञेत चालते, हाच खरा प्रश्न आहे. बर्मिंगहॅमच्या कामगारांना तो विचारण्याची संधी मिळाली नाही. त्यांच्या शहरातील एका मुलाने मात्र तो आपल्यापुरता सोडविला.