व्हीसीआरचं घड्याळ सारखं १२:०० वर का येतं? आणि ते दुरुस्त करणं का गरजेचं आहे?

माळ्यावरचा जुना व्हीसीआर खाली काढून प्लग लावला, की बहुतेकदा स्क्रीनवर १२:०० किंवा ०:०० लुकलुकतं. वेळ लावा, लाईट जाऊ द्या, पुन्हा तेच!

लाईट गेल्यावर घड्याळ आणि टायमर चालू ठेवायला मशीनच्या आत बॅकअप असतो. काही मॉडेल्समध्ये त्यासाठी फक्त एक कपॅसिटर असतो, काहींत लिथियमचा बटण सेल, तर काहींत निकेल-कॅडमियमचा चार्ज होणारा सेल. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर यातला कोणताही दगा देतो.

कॅसेट चालायला मात्र या सेलची गरज नसते. मग बदलायचा कशाला?

खरी भीती निकेल-कॅडमियमची आहे. हा सेल जुना झाला की गळतो. त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड सर्किट बोर्डवरच्या तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतं. घड्याळ गेलं तर चालेल, पण बोर्ड गेला तर लग्नाची, बारशाची कॅसेट लावायची कशात? जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं, त्यामुळे नवा मिळण्याची आशा नको.

आत हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, तर सेल लगेच काढायला हवा. ती जागा कापसाच्या काडीने आधी थोड्या व्हिनेगरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवतात. नवा सेल त्याच प्रकारचा आणि तितक्याच व्होल्टचा लागतो. त्याच्या जागी साधा सीआर २०३२ बसवण्याचा 'जुगाड' धोक्याचा आहे, कारण सर्किट त्याला चार्ज करायला जातं आणि तो फुटू शकतो.

एक महत्त्वाचं: प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज शिल्लक असू शकतो. सोल्डरिंगची सवय नसेल तर हे काम टीव्ही मेकॅनिककडेच द्यावं.

हँडीकॅमचं प्रकरण सोपं आहे. काहींत छोट्या झाकणामागे सीआर २०२५ असतो, तो हाताने बदलता येतो. झाकणच नसेल तर आतला सेल बहुधा चार्ज होणारा असतो. कॅमेरा बंद ठेवून अडॅप्टर २४ तास लावून बघा. तारीख टिकली तर खर्च शून्य.