टाकीतले मीठ दुपारी कुठे जाते?

कर्जतजवळच्या एका ठाकुरवाडीतील शाळेत आम्ही एप्रिलमध्ये दोन दिवस होतो. वर्गात काचेची एक टाकी होती. तीत अलिबागहून कॅनमधून आणलेले समुद्राचे पाणी आणि शंखात राहणारे दोन खेकडे. सकाळी आम्ही आमचा जुना रिफ्रॅक्टोमीटर ऊर्ध्वपातित पाण्याने शून्यावर लावला व टाकीतले पाणी तपासले. आकडा आला 34, म्हणजे एक किलो पाण्यात 34 ग्रॅम क्षार. दुपारी मुलांनी पुन्हा पाहिले तर 27! गुरुजी मिठाची पुडी घेऊन टाकीकडे निघाले होते, त्यांना आम्ही थांबवले. उन्हाने पाणी आटते, मीठ मात्र मागे राहते. आकडा वाढला असता तर ते समजण्यासारखे होते. तो कमी कसा झाला?

रिफ्रॅक्टोमीटरमध्ये एका काचेच्या लोलकावर पाण्याचे दोन-तीन थेंब ठेवून झाकण लावतात आणि उजेडाकडे धरून पाहतात. पाण्यात क्षार वाढले की त्याचा अपवर्तनांक वाढतो, काच व पाणी यांमधला क्रांतिक कोन बदलतो आणि निळ्या-पांढऱ्या भागांमधली सीमारेषा मोजपट्टीवर सरकते. द्राक्षबागाईतदार याच युक्तीने रसातली साखर पाहतात. उपकरणाला मीठ किंवा साखर दिसत नाही. दिसतो तो अपवर्तनांक.

आणि तो तापमानानेही बदलतो. 20 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक 1.3330, तर 35 क्षारतेच्या समुद्रपाण्याचा 1.3394 असतो. म्हणजे क्षारतेच्या एका एककामागे जेमतेम 0.00018 एवढा फरक. उलट पाणी एक अंशाने तापले की अपवर्तनांक सुमारे 0.00012 ने उतरतो. सकाळी वर्गात 24 अंश होते, दुपारी पत्र्याखाली 34. गणित मुलांनीच फळ्यावर केले: 0.0012 भागिले 0.00018, जवळजवळ सात!

हल्लीच्या पुष्कळ उपकरणांत तापमानाची दुरुस्ती आपोआप होते, पण बहुधा 10 ते 30 अंशांपर्यंतच. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली दुपार त्याबाहेर जाते. शिवाय थेंब इतका थोडा असतो की तो लगेच लोलकाचे तापमान घेतो. म्हणून मोजणी सकाळी, सावलीत करावी, थेंब टाकल्यावर मिनिटभर थांबावे, आणि शून्य त्याच वेळी लावावे.

शून्य बरोबर आले म्हणून 35 बरोबर येईलच असे नाही, ही दुसरी फसगत. पट्टीचे दुसरे टोक तपासायला 3.65 ग्रॅम कोरडे मीठ 96.35 ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे (सोनाराचा काटा मिळाला तर उत्तम, पावसाळ्यात मीठ आधी तव्यावर परतून घ्यावे). या द्रावणाचा अपवर्तनांक 35 क्षारतेच्या समुद्रपाण्याएवढाच असतो. साडेतीन ग्रॅम का नाहीत? कारण समुद्रपाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट असे इतरही क्षार आहेत, आणि तेवढ्याच वजनाच्या साध्या मिठापेक्षा ते मिळून अपवर्तनांक किंचित जास्त वाढवतात. त्यामुळे निव्वळ मिठाच्या पाण्यासाठी आखलेली पट्टी खऱ्या 35 ला 36.5 दाखवते. विकत घेताना हे विचारलेलेच बरे.

दुपारीच आम्ही पुन्हा ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य लावले. टाकीचा आकडा 34 च्या जरा वर आला. गुरुजींनी पुडी ठेवून दिली, आणि आटलेले पाणी भरून काढायला खुणेपर्यंत तांब्याभर गोडे पाणी ओतले.