भयकथा, चित्रकथा आणि त्यांचे परीक्षण

खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा राजा आणि त्याला वाटेत गोष्ट सांगणारा वेताळ यांची ओळख मराठी वाचकाला लहानपणीच होते. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त ही कथा सांगितली, तेव्हा हा राजा गोदातीरावरील प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, त्रिविक्रमसेन होता. पुढे लोकपरंपरेने त्याला उज्जैनचा विक्रम केले. अशा रीतीने ही भयकथा महाराष्ट्राची तशीच माळव्याचीही झाली.

त्याच माळव्यात, इंदूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, देपालपूर हे तहसिलीचे गाव आहे. होळकरांच्या राज्यातील हा मुलूख १९४८ साली मध्य भारतात आणि १९५६ साली मध्य प्रदेशात समाविष्ट झाला. या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या अनेक मराठी कुटुंबांत मातृभाषा घरापुरती उरली आणि मुलांचे शिक्षण हिंदीतून होऊ लागले. लिपी एकच असल्यामुळे अशा घरातील मूल मराठी अक्षरे वाचू शकते. परंतु अक्षरे लावता येणे निराळे आणि दिवा मालवायला सांगितला तरी पुस्तक हातातून न सुटणे निराळे. ही दुसरी गोष्ट घडवून आणण्याचे सामर्थ्य ज्या थोड्या वाङ्मयप्रकारांत आहे, त्यांत चित्रकथा आणि भयकथा यांचा क्रम बराच वर लागतो.

म्हणूनच अशा नव्या पुस्तकांचे परीक्षण हा देपालपुरासारख्या गावी केवळ करमणुकीचा विषय राहत नाही. पुण्यामुंबईचा वाचक दुकानात जाऊन पुस्तक चाळून पाहतो. दूरच्या वाचकाला ते न पाहताच मागवावे लागते. परीक्षण हेच त्याचे चाळून पाहणे होय. ते फसवे निघाले, तर पैसे जातातच, पण दुसरे मराठी पुस्तक मागवण्याची मुलाची हौसही जाते.

मराठी समीक्षेने या वाङ्मयाकडे फारसे लक्ष पुरवले नाही, हे मान्य केले पाहिजे. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या मासिकाने गूढ आणि अद्भुत कथांना हक्काची जागा दिली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना मोठा वाचकवर्ग लाभला. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत धारपांच्या कादंबऱ्या हातोहात फिरत, पण अभ्यासकांच्या चर्चेत त्यांचा उल्लेख क्वचितच होई. धारप २००८ साली निवर्तले. त्यांच्या कथेपासून स्फूर्ती घेतलेला ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला, तेव्हा कित्येक तरुणांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. ज्या लेखकाची नोंद त्याच्या हयातीत घेतली जात नाही, त्याच्याविषयीचे कुतूहल असे उशिरा आणि आडवाटेने जागे होते.

आता अशा पुस्तकाचे परीक्षण करताना काय पाहावे? पहिली गोष्ट म्हणजे भीतीचे मूळ. पडका वाडा, अमावास्या आणि करकरणारे दार ही सामग्री कोणालाही जमवता येते. पुस्तक मिटल्यावरही जी भीती मागे राहते, तिचे मूळ बहुधा माणसाच्या लोभात, अपराधात किंवा एकाकीपणात असते. मतकरी आपल्या कथांना ‘गूढकथा’ म्हणत, हे या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. भूत दाखवण्यापेक्षा मनाचा अंधार चाचपण्याकडे त्यांचा कल होता. नव्या लेखकाने वाचकाला केवळ दचकवले आहे की अस्वस्थ केले आहे, हे परीक्षकाने स्पष्ट सांगावे.

दुसरी गोष्ट पुस्तकाच्या जन्माची. नवे वेष्टन ल्यालेले पुस्तक नवे असतेच असे नाही. जुन्या कादंबरीच्या पुनर्मुद्रणात मूळ प्रकाशनाचे वर्ष कोणते, हे वाचकाला कळले पाहिजे. कथा रूपांतरित असेल, तर तेही सांगितले पाहिजे. धारपांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सालेम्स लॉट’ या कादंबरीवर बेतलेली आहे. एवढे सांगितल्याने धारप लहान होत नाहीत. उलट, परक्या मुलखातील भीती मराठी घरात कितपत रुजली, हा खरा वाङ्मयीन प्रश्न त्यामुळे विचारता येतो.

चित्रकथेचे परीक्षण याहून थोडे वेगळे असते. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’ १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून भारतीय मुलांना भेटला. मराठीत तो ‘वेताळ’ झाला आणि हिंदीत ‘वेताल’. हिंदी शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलाची जीभ नेमकी या ‘ळ’शी अडखळते, आणि आवडत्या नायकाच्या नावासाठी ते मूल तो आनंदाने उच्चारू लागते! त्या अंकांत मूळ चित्रपट्ट्या ठरावीक पानांत बसवण्यासाठी काटछाट होई. वेताळाच्या ‘बंगाला’ या प्रदेशाचे नावही बदलून ‘डेंकाली’ करण्यात आले होते. हे अंक १९९० साली बंद झाले. परीक्षकाने आजही चित्रकथेत हेच पाहावयाचे असते. चित्रे सलग आहेत की मधलेच चौकट गळाले आहे? अक्षरे सुवाच्य आहेत काय? आणि पात्रांच्या तोंडची मराठी घरात बोलली जाते तशी आहे, की इंग्रजी वाक्याला मराठी शब्द चिकटवले आहेत? देपालपूरच्या घराला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे आहे.

पालकांची शंका निराळी असते. हे वाचून मूल बिघडणार तर नाही? ही शंका जुनी आहे. अमेरिकेत १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःच एक संहिता स्वीकारून भयचित्रकथांवर कडक बंधने घातली. भारतातही क्रौर्य आणि बीभत्स प्रसंग रंगवणाऱ्या बालघातक प्रकाशनांविरुद्ध १९५६ साली कायदा झाला. परंतु कायदा फार तर टोकाच्या पुस्तकाला अडवतो. दहा वर्षांच्या मुलाला काय द्यावे आणि सोळा वर्षांच्या मुलाला काय, हे तो सांगत नाही. ते काम परीक्षकाचे आहे. हिंसा कितपत आहे आणि ती कथेला आवश्यक आहे काय, एवढे दोन वाक्यांत सांगितले, तरी घरातील मोठ्यांना निर्णय घेता येतो.

शेवटी प्रश्न उरतो तो मौनाचा. इतर कादंबरीचा शेवट सांगितला, तर रस थोडा उणावतो. भयकथेचा सांगितला, तर पुस्तकच संपते. म्हणून परीक्षकाने आरंभाचा प्रसंग सांगावा, वातावरणाची कल्पना द्यावी, लेखकाचे सामर्थ्य आणि त्रुटी दाखवाव्यात, आणि रहस्याच्या उंबरठ्यावर थांबावे. शेवट फसला असेल, तर तो फसला आहे असे म्हणावे. कसा फसला, हे वाचकाला स्वतः पाहू द्यावे.

वेताळाच्या कथेत राजाने तोंड उघडले की वेताळ प्रेतासह पुन्हा झाडावर जाऊन लोंबू लागे. परीक्षकाची स्थिती त्या राजाहून फारशी निराळी नाही. फरक इतकाच, की राजाच्या बोलण्याने त्याची स्वतःची फेरी वाढत असे. परीक्षकाच्या अनाठायी बोलण्याने दूरच्या गावी पुस्तकाची वाट पाहणाऱ्या मुलाची रात्र हिरावली जाते.